जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलायचाय? आधी मशीन थंड करा, मग पाकीट उघडा

घरातला डेस्कटॉप सात-आठ वर्षांचा झाला, क्रोमचे चार टॅब उघडले की पंखा बोंबलायला लागतो, पोरांचा ऑनलाइन क्लास मध्येच अडकतो, आणि मग कोणीतरी सांगतं की प्रोसेसर बदल, आय सेव्हन टाक, मशीन पळायला लागेल. सल्ला चुकीचा नाहीये पण अर्धाच आहे. प्रोसेसर बदलून फरक पडतो, चांगलाच पडतो, फक्त मुंबईत जुनं मशीन निम्म्या वेळा गरम होऊन मंदावलेलं असतं, आणि जो कूलर आत्ताचा प्रोसेसर थंड ठेवू शकत नाहीये त्याच कूलरखाली जास्त वॅटचा प्रोसेसर बसवला तर पैसे गेले आणि स्पीड होता तिथेच. म्हणून इथे क्रम असा ठेवलाय: आधी मोजायचं, मग साफ करायचं, मग आपल्या मदरबोर्डला (पुढे नुसतं बोर्ड) काय चालतं ते बघायचं आणि सगळ्यात शेवटी खरेदी. कॅबिनेट पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी लिहिलंय, त्यामुळे जिथे हात घाबरतो तिथे मी जरा जास्त थांबलोय.

पहिलं काम: मोजा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर क्लिक करा, मशीन अडकत असताना काय शंभर टक्क्यांवर जातंय ते बघा. डिस्क शंभरवर असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल तर प्रोसेसर विसरा, आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारं वेगवान स्टोरेज) टाका, साधी साटा केबलवाली चालेल. मेमरी भरलेली असेल आणि आत चारच जीबी रॅम असेल तर आधी रॅम. या दोन गोष्टी करून बऱ्याच घरांमध्ये प्रोसेसरचा विषयच संपतो, आणि पुढचं वाचायची गरज पडली नाही तर त्यात मला आनंदच आहे.

सीपीयू शंभरवर असेल तर मग तापमान बघायचं. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यातलं कुठलंही एक फ्री सॉफ्टवेअर घ्या. मशीन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं काही न करता ठेवा, आकडा लिहून घ्या, मग सिनेबेंच (प्रोसेसरवर मुद्दाम ताण देणारं सॉफ्टवेअर) लावून दहा मिनिटं पूर्ण लोड द्या आणि सगळ्यात वरचा आकडा लिहून घ्या. इंटेलचे जुने डेस्कटॉप प्रोसेसर साधारण १०० डिग्रीच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी स्पीड कमी करतात, एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० आहे, ५६००एक्सची ९५. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंग नावाची ओळ असते, तिथे 'यस' दिसलं तर तुमचा प्रोसेसर स्लो नाहीये, त्याला पळूच दिलं जात नाहीये.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या व्हिडिओंमध्ये फार कमी सांगतात. त्याच वेळी खोलीचं तापमानही लिहून घ्या. हवेवर चालणारा कुठलाच कूलर, कितीही महाग घ्या, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर कमी करतो. समजा खोली ३३ डिग्री आहे आणि लोडवर प्रोसेसर ८५ दाखवतोय, म्हणजे अंतर ५२. तेच मशीन जानेवारीत रात्री खोली २४ असताना तपासलं तर साधारण ७६ दाखवेल आणि तुम्ही म्हणाल झकास चाललंय. मग मे महिना येतो, किंवा ऑक्टोबर हीट, आणि तेच मशीन दुपारी दोन वाजता हँग व्हायला लागतं. त्यामुळे नुसता प्रोसेसरचा आकडा घेऊन कुणाशी तुलना करू नका, अंतर बघा. आणि हिवाळ्यात टेस्ट केली असेल तर त्यात दहा डिग्री मिळवूनच निर्णय घ्या.

दुसरं काम: साफसफाई आणि नवी पेस्ट

मुंबईची धूळ वेगळी असते हे कॅबिनेट उघडल्याशिवाय पटत नाही. शेजारी कुठेतरी रीडेव्हलपमेंट चालू असतंच त्यामुळे सिमेंटची बारीक भुकटी, खिडकीत कबुतरं असतील तर त्यांची बारीक पिसं, आणि वन रूम किचन असेल तर फोडणीच्या तेलाची वाफ. देवघर त्याच खोलीत असेल तर अगरबत्तीचा धूरही आला. कोरडी धूळ फुंकर मारून उडते, ही तेलकट धूळ चिकटून बसते.

लालबागला माझ्या मामेभावाचं मशीन आहे, एच ६१ बोर्ड आणि आय थ्री २१००, टेबल स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ लावून. मशीन वीस मिनिटांत बंद पडायचं, दुकानवाल्याने बोर्ड गेला म्हणून सांगितलेलं. वरून बघितलं तर पंखा फिरत होता, स्वच्छही वाटत होता. पंखा हीटसिंकपासून, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापासून, सोडवला तेव्हा खाली, पात्यांच्या आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मधे, धुळीचा एक अख्खा करडा थर बसलेला होता, पायपुसण्यासारखा, चिमटीत धरून एका तुकड्यात उचलला गेला. हवा वरून येत होती आणि त्या थरावर आपटून बाजूलाच जात होती. पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे उष्णता पोचवायला लावतात ती, तर वाळून खडूसारखी सुटत होती. बोर्डला काहीही झालेलं नव्हतं. साफ करून नवी पेस्ट लावली, तोच प्रोसेसर, तोच कूलर, आणि मशीन आजही चालू आहे. म्हणून सांगतो, वरून टॉर्च मारून 'स्वच्छ आहे' म्हणू नका, पंखा काढूनच बघा.

आता कसं करायचं ते. मशीन बंद करा, प्लग काढा, मग पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. जुन्या चाळींमध्ये आणि जुन्या बिल्डिंगांमध्ये बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, तसं तुमच्याकडे होत असेल तर मशीनच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे प्रोसेसरपेक्षा महत्त्वाचं आहे, घरातली लहान पोरंही त्याच कॅबिनेटला हात लावतात.

धूळ उडवायला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर चांगला, गॅलरीत किंवा जिन्यात नेऊन करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डाला लावू नका, त्यात स्टॅटिक तयार होतं. तेलकट थर ब्लोअरने जाणार नाही, तिथे जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला मोबाईल रिपेअरवाले नुसतं आयपीए म्हणतात. हीटसिंक वेगळा काढलेला असेल तर तो पाण्याने धुवूनही चालतो, फक्त पंखा त्यातून सोडवलेला असावा आणि परत लावायच्या आधी एक दिवस कडक सुकवा, पावसाळ्यात दोन दिवस.

इंटेलचा स्टॉक कूलर, म्हणजे प्रोसेसरबरोबर आलेला, काढताना सगळे गोंधळतात. चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक बाण कोरलेला असतो. काढायचं असेल तर बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवा आणि पिन वर ओढा. बसवायचं असेल तर आधी चारही पिना बाणाच्या उलट दिशेने मूळ जागी फिरवून घ्या, भोकांवर नीट बसवा आणि समोरासमोरच्या तिरक्या जोडीने अंगठ्याने दाबा, आधी एक कोपरा आणि त्याच्या तिरका समोरचा, मग उरलेले दोन. प्रत्येक वेळी टक् असा आवाज आला पाहिजे. दाबताना बोर्ड थोडा वाकतो, भीती वाटते, पण तेवढं चालतं. मग बोर्डाच्या मागच्या बाजूने बघा, पांढरे पाय भोकातून पूर्ण बाहेर येऊन मधल्या काळ्या दांडीने फाकलेले दिसले पाहिजेत. चारपैकी एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि मग पेस्ट कितीही महाग लावा, उपयोग नाही. माझ्या बघण्यात "कूलर बदलून पण गरमच होतंय" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच एक पिन असते.

एएमडीवाल्यांसाठी वेगळी काळजी. एएम ४ (एएमडीचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) मध्ये पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि पेस्ट वाळली असेल तर कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून बाहेर येतो, पिना वाकतात. म्हणून काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं लोडवर चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून कूलर सरळ वर न ओढता आधी हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सैल करा.

जुनी पेस्ट टिश्यू आणि आयपीएने पुसा, दोन्हीकडची, धातू चकचकीत दिसेपर्यंत. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते, कूलरच्या दाबाने ती पसरते. आर्क्टिक एमएक्स-४, कूलर मास्टर किंवा नोक्टुआची कुठलीही नावाजलेली ट्यूब चालेल, पाच-दहा रुपयांच्या पुडीतली पांढरी पेस्ट मात्र नको.

एवढं केलं की परत तीच टेस्ट लावा, खोलीच्या तापमानासकट. कितीतरी लोकांचं काम इथेच होतं.

तिसरं काम: बोर्डला काय चालतं

साफ करूनही सीपीयू शंभरवर राहत असेल आणि तापमान ठीक असेल तर आता खरंच प्रोसेसर कमी पडतोय. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा, तिथे प्रोसेसरचं नाव, बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणजे मदरबोर्डचं मॉडेल, आणि बायोसचं (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) व्हर्जन मिळेल. तिन्हीचा फोटो काढून ठेवा. मग बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात प्रोसेसरच्या नावासमोर कुठल्या बायोसपासून चालतो तेही लिहिलेलं असतं. दुकानदार "चालेल ना, बिनधास्त घ्या" म्हणाला तरी ही यादीच खरी.

आपल्याकडे घराघरात जे बोर्ड दिसतात त्यांचं साधारण गणित असं. एच ६१ म्हणजे एलजीए ११५५ सॉकेट, दुसऱ्या आणि तिसऱ्या जनरेशनचा इंटेल, आय थ्री २१०० वरून आय फाइव्ह ३४७० किंवा आय सेव्हन ३७७० वर जाता येतं पण तिसऱ्या जनरेशनसाठी बायोस अपडेट लागू शकतो. एच ८१ म्हणजे एलजीए ११५०, चौथं जनरेशन, तिथे वरचं टोक आय सेव्हन ४७७० किंवा ४७९०. एच ११० वर सहावं आणि बायोस अपडेटनंतर सातवं. आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात: एच ११० आणि एच ३१० दोन्हींचं सॉकेट एलजीए ११५१ च लिहिलेलं असतं, प्रोसेसर बसतोही, पण आठवं-नववं जनरेशन एच ११० वर चालत नाही आणि सहावं-सातवं एच ३१० वर चालत नाही. सॉकेटचं नाव सारखं म्हणून घेऊ नका, चिपसेट, म्हणजे हे एच ११०, एच ३१० वालं नाव, बघा. एच ४१० वर साधारणपणे दहावंच, एच ५१० वर दहावं आणि अकरावं दोन्ही.

एएमडीचं एएम ४ असेल तर तुमचं नशीब चांगलं. २०१७ मध्ये पहिल्या रायझनबरोबर आलेल्या ए ३२०, बी ३५० बोर्डांवरही बायोस अपडेट करून बऱ्याच ठिकाणी ५००० मालिका चालते. रायझन ३ १२०० काढून रायझन ५ ५६०० टाकला तर चार कोअरचे सहा कोअर आणि बारा थ्रेड, आणि दोन्ही ६५ वॅटचे. जुन्या मशीनमध्ये एवढी मोठी उडी दुसरीकडे कुठे मिळत नाही. फक्त ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी घ्यायचा. इंटेलमध्येही शेवटी 'एफ' असलेले, म्हणजे आय फाइव्ह ९४००एफ सारखे, बिनग्राफिक्सचे असतात. हे न बघता घेतलं की मशीन सुरू होतं पण स्क्रीन काळी.

आणि एक गोष्ट पैसे खर्च करायच्या आधी स्पष्ट समजून घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून आणि रायझन २००० मालिकेपासून चालतं, त्यातही २२००जी आणि २४००जी यादीत नाहीत, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. म्हणजे एच ६१, एच ८१ किंवा एच ११० वर त्याच सॉकेटमधला कितीही भारी प्रोसेसर टाका, अधिकृत विंडोज ११ येणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: या तीन बोर्डांवर फक्त सेकंड हँड प्रोसेसर, तोही स्वस्तात मिळाला तरच, आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट वगैरे फुकट सिस्टिम वापरायची तयारी असेल तर उत्तमच. जास्त पैसे घालायचे असतील तर ते साठवून पुढे बोर्ड-प्रोसेसर-रॅम एकत्र बदला. एएम ४ वर मात्र बिनधास्त खर्च करा.

वॅटबद्दल दोन शब्द. आय थ्री २१०० चे ६५ वॅट, ३४७० आणि ३७७० चे ७७, ४७९० चे ८४. फरक कागदावर लहान वाटतो, एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणारा डबा) तो सहज झेपतो, पण आय थ्रीबरोबर आलेला चपटा कूलर आय सेव्हनला मे महिन्यात पुरत नाही. त्यात इंटेलने तिसऱ्या जनरेशनपासून प्रोसेसरच्या वरच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्ट वापरायला सुरुवात केली, त्यामुळे ३७७० सारखे प्रोसेसर चांगल्या कूलरखालीही थोडे जास्त गरम दिसतात. ते झाकण उघडायचे व्हिडिओ असतात, नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

बायोस अपडेट, प्रोसेसर बदलायच्या आधी

नवा प्रोसेसर ओळखणारा बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच टाकायचा असतो. आधी नवा बसवला आणि मग स्क्रीन येत नाही म्हणून परत जुना बसवला, हा दुप्पट त्रास टाळा. कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलची फाइल घ्या, रिव्हिजन नंबरसुद्धा बोर्डावर छापलेला असतो तो जुळवा, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच अपडेटच्या पर्यायातून करा. मधे लाइट गेली तर बोर्ड मेला, म्हणून यूपीएस असेल तरच, आणि पावसाळ्यात जिथे लाइट ये-जा करते तिथे तर शेजाऱ्याचा यूपीएस मागून आणा. एएम ४ च्या काही बोर्डांना आधी एक मधला बायोस टाकावा लागतो, आणि काही नव्या बायोसमध्ये जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो, ते त्या पानावर लिहिलेलं असतं, वाचा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर ते थांबवून ठेवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. रायझनमध्ये प्रोसेसर बदलल्यावर सुरू होताना एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) रीसेट करायचं का असं विचारतं, रिकव्हरी की नसताना 'हो' दाबलं तर डेटा कुलुपात अडकतो.

खरेदी

ग्रँट रोडला स्लो लोकलने उतरा, पूर्वेला बाहेर पडा, लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, दोन्ही एकच. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी तुफान गर्दी, त्यामुळे मधल्या वारी सकाळी उशिरा जा. पहिल्याच दुकानात घेऊ नका, तीन-चार ठिकाणी भाव विचारा, तोच बॉक्स दोन दुकानं सोडून वेगळ्या भावात मिळतो. बोर्डच्या मॉडेलचा तो फोटो दाखवून बोला. "भाऊ, बॉक्स पॅक आहे का ट्रे?" हे आधी विचारा. बॉक्समधल्याला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवर सुटा मिळणाऱ्याला बऱ्याचदा फक्त दुकानदाराची. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

सेकंड हँड घेताना टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची ते बिलावरच लिहून घ्या, तोंडी नको, आणि शक्य असेल तर दुकानातच बोर्डवर चालवून बघा. इंटेलचा असेल तर खालचे सोनेरी ठिपके बघा, जळके डाग नकोत. एएमडीचा असेल तर पिना मोबाईलच्या टॉर्चखाली आडव्या नजरेने बघा, ओळी सरळ दिसल्या पाहिजेत. प्रोसेसरच्या झाकणावर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' छापलेलं असेल तर तो टेस्टिंगचा नमुना असतो, कितीही स्वस्त असला तरी परत द्या.

कूलर निवडताना

६५ वॅटच्या प्रोसेसरला एसी नसलेल्या खोलीत एक साधा चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या), १२० एमएम पंख्याचा उभा टॉवर कूलर पुरतो. डीपकूलचा एजी ४०० किंवा एके ४००, कूलर मास्टरचा हायपर २१२, याच जातीतला कुठलाही. पाण्यावर चालणारा कूलर जुन्या मशीनला नको, पंप बंद पडला की सगळंच बंद, आणि ते पैसे एसएसडीमध्ये जास्त कामाला येतात.

पण उंची मोजा. एके ४०० ची उंची १५५ एमएम आहे, जुन्या अरुंद लोकल कॅबिनेटमध्ये ती झाकणाला लागते. पट्टी घेऊन बोर्डापासून बाजूच्या झाकणापर्यंतचं अंतर मोजा, बोर्ड आणि प्रोसेसरच्या जाडीचे दहा-बारा एमएम सोडा. कमी जागा असेल तर वरून खाली हवा मारणारा, तांब्याच्या पाइपांचा बुटका कूलर घ्या. एच ६१ सारख्या स्वस्त बोर्डांवर मी तर जागा असली तरी तोच घ्यायला सांगेन, कारण सॉकेटच्या बाजूला प्रोसेसरला वीज देणारे जे छोटे चौकोनी भाग असतात त्यांच्यावर तिथे बहुतेक वेळा हीटसिंकच नसतो, आणि खाली येणारी हवा त्यांनाही थंड ठेवते. टॉवर कूलर हवा मागे फेकतो, ते भाग तसेच तापत राहतात.

ब्रॅकेट, म्हणजे कूलर बोर्डाला धरून ठेवणारी पट्टी, जुळतं का बघा. एलजीए ११५५ पासून १२०० पर्यंत भोकांचं अंतर ७५ एमएम, एलजीए १७०० मध्ये ७८. पुढे नवा बोर्ड घ्यायचा विचार असेल तर एलजीए १७०० आणि एएम ५ चं ब्रॅकेट सोबत येणारा कूलर घ्या, तो पुढेही वापरता येईल.

बसवणं

टेबल रिकामं करा, पंखा बंद ठेवा म्हणजे स्क्रू आणि कागद उडणार नाहीत, आणि बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. बऱ्याच टॉवर कूलरना मागून प्लेट लावावी लागते म्हणून बोर्ड तसाही काढावा लागतो. एएम ४ मध्ये बोर्ड उभा असताना चार स्क्रू काढले की मागची प्लेट सुटून आत पडते, तीच प्लेट बहुतेक कूलरना लागते, हरवू नका.

इंटेलमध्ये दांडा दाबून बाजूला सरकवा, वर करा, चौकट उघडा. प्रोसेसर दोन बोटांनी कडांना धरून सरळ वर उचला. सॉकेटमधल्या केसासारख्या पिनांना बोट, टिश्यू, ब्रश काही म्हणजे काही लावायचं नाही. नवा प्रोसेसर, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण त्रिकोणाशी आणि कडेच्या खाचा खाचांशी जुळवून, वरून अलगद सोडा. दाबायचा नाही. मग चौकट लावून दांडा खाली, तिथे मात्र बऱ्यापैकी जोर लागतो आणि करकर आवाज येतो, ते नॉर्मल आहे. एएम ४ मध्ये दांडा वर, सोनेरी त्रिकोण जुळवा, प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, बसत नसेल तर कुठलीतरी पिन वाकलीये, उचला आणि बघा.

पेस्टचा दाणा ठेवा. कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकचा स्टिकर असतो तो काढा, नक्की काढा. स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून मग दुसरा असं नको. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा, दुसरीकडे लावली तर सुरू होताना फॅन एरर येतो. सॉकेटजवळची चार पिनांची पॉवर वायर परत जोडली का ते बघा, ती विसरली की पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही.

समुद्राजवळ राहत असाल, वरळी, वर्सोवा, गिरगाव, तर उघडलंच आहे तर रॅमचे सोनेरी दातही स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून घ्या, खाऱ्या हवेने त्यावर थर धरतो. रबराचा भुगा झटकून मगच लावा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर, विशेषतः रायझनमध्ये, मिनिटभर स्क्रीन काळी राहू शकते, लगेच बंद करू नका. त्याहून जास्त झालं तर प्लग काढून बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून परत लावा. मशीन जुनं असेल तर ती बॅटरी नवीच टाका.

हवा कुठून येणार आणि कुठे जाणार

पुढून आत, मागून बाहेर, एवढंच लक्षात ठेवा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. एकच जास्तीचा पंखा घ्यायचा असेल तर आधी मागे लावा. पुढे लावलात तर त्यावर बारीक जाळी हवी, आणि ती जाळी महिन्यातून एकदा झटकायची.

घरात जागा नाही म्हणून कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या खणात कोंबलेलं असतं, मागून भिंत, वरून प्रिंटर, आणि कधी कधी त्यावर आईने विणलेलं कव्हर. मशीन चालू असताना कव्हर काढा, मागे एक वीत जागा सोडा, खणाची मागची प्लाय असेल तर ती कापा किंवा कॅबिनेट बाहेर टेबलवर घ्या. तळमजल्यावर, जिथे पावसाळ्यात पाणी शिरतं, तिथे जमिनीवर ठेवूच नका. दमट हवेने आत पाणी साठेल का अशी भीती अनेकांना असते, पण हवेवरचा कूलर खोलीपेक्षा थंड होतच नाही त्यामुळे त्यावर दव धरत नाही, उलट पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवलेलं बरं.

शेवटची टेस्ट

तीच टेस्ट, तीच दहा मिनिटं, खोलीचं तापमान लिहून. ३३ डिग्रीच्या खोलीत ७५ च्या खाली राहिलं तर उत्तम, ८५ पर्यंत चालेल, त्याच्या वर गेलं तर आधी पिना आणि स्क्रू परत बघा. सगळं नीट असूनही मे महिन्यात दुपारी चढत असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरचं कमाल प्रमाण शंभरऐवजी ९९ टक्के करा, त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जास्तीचा स्पीड, बंद होतो, तापमान बरंच उतरतं, आणि ऑफिसच्या कामात फरक जाणवतही नाही. पाऊस सुरू झाला की परत शंभर करा.

मशीन कुणाकडे न्यायचं झालं तर टॉवर कूलर काढून किंवा कॅबिनेट आडवं, बोर्ड खाली येईल असं धरून न्या, लोकलच्या धक्क्यांनी कूलरच्या वजनाचा ताण थेट बोर्डावर येतो. आणि काढलेला जुना प्रोसेसर नव्याच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, लगेच विकू नका, निदान महिनाभर हाताशी असू द्या, नवा अडला तर खराबी प्रोसेसरची आहे की बोर्डाची हे त्याच्यावरूनच कळतं.